ओल्ड फॅशन्ड करताना या चुका टाळा

ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलला ६० मिली बर्बन (मुख्यतः मक्याची) किंवा राय (राय या धान्याची) व्हिस्की, एक शुगर क्यूब, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसालेदार कडू अर्काचे) दोन डॅश आणि बर्फ एवढंच लागतं. वर संत्र्याच्या सालीचा तुकडा. बहुतेक वेळा ते बिघडतं, कारण यात कोणीतरी भर घालतं.

आपल्याकडची लाडकी भर म्हणजे सोडा. लार्ज ओतूनही ग्लास रिकामा दिसतो आणि हात सोड्याच्या बाटलीकडे जातो. नको. बर्फ वितळून जेवढं पाणी होईल तेवढं पुरे.

दुसरी भर ठेचलेल्या फळांची. संत्र्याच्या फोडी आणि डबाबंद लाल चेरी ग्लासात चेचण्याची पद्धत अमेरिकेत दारूबंदी (१९२०-३३) उठल्यानंतर बोकाळली. विस्कॉन्सिनमध्ये तर ब्रँडी, फळं आणि वरून गोड सोडा, असंच आवडीने पितात. पण तो प्रकार वेगळा. मूळ कृती त्याहून बरीच जुनी: १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स असं छापलं होतं. पुढे बारवाले त्यात क्युरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य), अ‍ॅबसिंथ (बडीशेपेच्या वासाचं कडक मद्य) असलं काहीबाही घालू लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं ‘जुन्या पद्धतीचं द्या’ म्हणू लागली. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराचा पेंडेनिस क्लब या पेयाच्या जन्माचं श्रेय घेतो. पण क्लब स्थापन झाला १८८१ मध्ये, आणि शिकागोच्या वृत्तपत्रात ‘ओल्ड फॅशन्ड कॉकटेल’ १८८० मध्येच आलं होतं!

तळाशी साखर उरते? दारूत ती नीट विरघळत नाही. आधी क्यूबवर बिटर्स आणि चमचाभर पाणी टाकून पूर्ण विरघळवा, व्हिस्की नंतर. घाई असेल तर पाच-सात मिली साखरेचा पाक घ्या. आणि डॅश म्हणजे थेंब नव्हे. बाटली एकदा झटकल्यावर पडतं तेवढं. फार गोड झालं तर आणखी एक डॅश घाला.

पाणचट होत असेल तर दोष बर्फाचा. ट्रेमधले बारके खडे भराभर वितळतात. छोट्या स्टीलच्या वाटीत पाणी गोठवा, एकच मोठा तुकडा मिळेल. शेकर वापरू नका. चमच्याने २०-३० सेकंद ढवळा. घशाला फारच लागत असेल तर आणखी दहा सेकंद.

मळीच्या स्पिरिटवर बनलेल्या स्वस्त ब्लेंडेड व्हिस्कीत दम नसतो. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, तिथूनच व्हॅनिलाचा वास येतो. गोव्याची पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृतही चालेल, फक्त धुरकट चवीची बाटली निवडू नका.

सालीसाठी नागपुरी संत्रं अडचणीचं. त्याची साल सैल, सोलाण्याने पातळ पट्टी निघत नाही. घट्ट सालीचं माल्टा घ्या, मेण लावलेलं असेल तर गरम पाण्याने धुवा. आतला पांढरा भाग कडू, तो येऊ देऊ नका. पट्टी ग्लासावर धरून पिळा, तेल वर उडू द्या, मग आत टाका.