मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्याआधी

नवा पीसी जुळवताना मदरबोर्ड लगेच कॅबिनेटमध्ये बसवू नका. प्रोसेसर, रॅम आणि कूलर बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर ठेवूनच लावा, तिथेच स्क्रीन जोडून चित्र येतं का बघा, मग स्क्रू आवळा. इथे एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० बोर्ड धरला आहे. या प्रोसेसरात ग्राफिक्स आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय चाचणी होते. ७५००एफ घेतला तर होणार नाही.

या बोर्डाला फक्त डीडीआर५ रॅम चालते. डीडीआर४च्या पट्टीलाही २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून ती बसत नाही. दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या. बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की गावातल्या दुकानातून, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) काउंटरवरच उघडायला लावा आणि मोबाइलच्या टॉर्चने १७१८ पिनांच्या रांगा तिरक्या कोनातून बघा. एखादी पिन वाकलेली असेल, तर घरी गेल्यावर ती तुमच्याच हातून वाकली असं धरलं जातं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो अलगद ठेवा, दाबायचा नाही. फ्रेम लावून दांडी खाली घेताना जोर लागतो, तेवढा लागणारच. काळं झाकण आपोआप निघतं. ते जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, म्हणून दुसरं टोक पूर्ण आत गेलंय का ते डोळ्यांनी बघा.

सोबत आलेल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी लावू नका. बोर्डावरच्या दोन प्लास्टिक पट्ट्या काढा आणि कूलरचे चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे फिरवत कसा. एक बाजू आधी पूर्ण कसली, तर कूलर तिरका बसतो.

एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) २४ पिनच्या जोडणीबरोबर प्रोसेसरची ८ पिनची जोडणीही हवी. ती ४+४ अशी फुटते. ६+२ ची वायर ग्राफिक्स कार्डाची. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी कधीच वापरू नका. प्लग बसतो, पण आतली मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी जळू शकते.

बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हर क्षणभर टेकवा. पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, कारण बोर्ड रॅमशी वेग जुळवत असतो. घाबरून बंद केलं, तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांनंतरही बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा पेटलेलाच असेल, तर वीज बंद करून एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून बघा. स्क्रीनवर चित्र आलं की बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सोय, चालू करा. नाहीतर ६०००ची रॅम कमी वेगावरच चालत राहते.

आता कॅबिनेट. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) ठेवा. जादा राहिलेला बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट करू शकतो.