डाय मेंटेनन्सला लागलात? आधी बघायची हत्यारं घ्या

डाय म्हणजे प्रेसवर पत्रा कापणारा किंवा वाकवणारा साचा. तो दुरुस्त करणाऱ्या टूलरूममध्ये नवीन आलेली बहुतेक मुलं आधी हातोडा आणि स्पॅनरच्या मागे लागतात. माझं सांगणं उलटं आहे. पहिले पैसे भिंग, मायक्रोमीटर आणि चांगल्या टॉर्चवर घाला. प्रेसवरून डाय उतरताना पत्र्याची शेवटची पट्टी आणि त्यातून निघालेला शेवटचा जॉब (तयार भाग) तिच्यासोबत आलाच पाहिजे, हा आग्रह कधी सोडू नका. डायचं दुखणं त्यावर दिसतं. बर म्हणजे कापलेल्या कडेवर उठलेली खरखरीत कोर. तो चारही बाजूंनी सारखा असेल तर धार गेली आहे. एकाच बाजूला असेल तर बहुधा पंच (पत्र्यात घुसून कापणारा भाग) सरकलाय किंवा डायचे दोन भाग सरळ रेषेत ठेवणारे गाईड पिलर-बुश झिजलेत. मग नुसतं ग्राइंडिंग करून डाय परत चढवली, तर तोच बर पुन्हा येणार. माइल्ड स्टीलला साधारणपणे पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, एका बाजूला ठेवतात. म्हणजे १ मिमी पत्र्याला ०.०५ ते ०.१० मिमी. एवढा बारीक फरक नुसत्या नजरेला कळत नाही.

उघडायच्या हत्यारांत ॲलन की सगळ्यात महत्त्वाची. एम ८ स्क्रूला ६ मिमीची की लागते, एम १० ला ८ मिमीची. इंची सेटमधली ५/१६ ची की ८ मिमीच्या खाचेत बसते, पण ती ७.९४ मिमी असते. घट्ट स्क्रूवर जोर दिला की खाच गोल होते आणि मग स्क्रू ड्रिल करून काढायची पाळी येते. म्हणून इंची आणि मेट्रिक की एका ड्रॉवरमध्ये ठेवूच नका. कीचं टोक झिजलं तर तेवढं ग्राइंडरवर सरळ कापून टाका. बॉल टोकाची की सैल स्क्रू भरभर फिरवायला छान, शेवटचं घट्ट आवळणं मात्र सरळ टोकानेच करायचं. डॉवेल (प्लेटा जागेवर धरणारी पिन) काढायला पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, घ्या. कडक केलेल्या प्लेटवर स्टीलचा हातोडा थेट मारला तर तुकडा उडून डोळ्यात जातो. गॉगल लावाच.

साफसफाईला ब्रश आणि व्हॅक्यूम. हवेच्या प्रेशरने धातूचा कीस बुशमध्ये आणि स्ट्रिपरच्या (पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या प्लेटच्या) फटीत आणखी आत जातो, आणि कॉटन वेस्टचे धागे मागे राहतात.

धार लावताना घाई करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण इथे महागडा पंच काही मिनिटांत वाया जातो. डी २ या कडक टूल स्टीलला मऊ ग्रेडचं पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड व्हील, नुकतंच ड्रेस केलेलं (घासून साफ आणि ताजं केलेलं), भरपूर कूलंट आणि एका पासला ०.०१ मिमीच्या आसपास कट. पृष्ठभागावर तपकिरी किंवा निळा डाग दिसला की समजा जळलंय. तिथे बारीक तडे जातात आणि पुढे धार तुटते. कार्बाइडला डायमंड व्हीलच लागतं. ग्राइंडिंगनंतर धारेवर जी बारीक तार उरते, ती ऑइल स्टोनच्या एक-दोन हलक्या हातांनी काढायची, धार गोल न करता. मॅग्नेटिक चकवरून काढलेला भाग डीमॅग्नेटाइज करायला विसरू नका, नाहीतर स्लग (कापून पडलेले पत्र्याचे तुकडे) पंचाला चिकटून वर येतात. पत्रा ओढून खोलगट आकार देणाऱ्या ड्रॉइंग डायला पॉलिश करताना दगड धातू वाहतो त्याच दिशेने फिरवा. आडव्या ओरखड्यांत पत्रा अडकतो.

प्रोग्रेसिव्ह डायमध्ये, म्हणजे एकापुढे एक स्टेशनवर कापणं-वाकवणं करणाऱ्या डायमध्ये, कटिंग पंच घासला की बेंडिंग स्टेशनशी त्याची उंची जुळत नाही. म्हणून उंची भरून काढायला वेगवेगळ्या जाडीच्या शिमचा (पातळ पट्टीचा) पत्रा कायम जवळ ठेवा, आणि किती घासलं, किती शिम घातला, हे डायच्या कार्डावर त्याच वेळी लिहा. स्प्रिंग एक तुटली तरी त्या स्ट्रिपरच्या सगळ्या बदला, नाहीतर स्ट्रिपर तिरका चालतो. आणि डाय प्रेसवर असतानाच हात घालायचा असेल, तर वीज बंद करून कुलूप लावल्याशिवाय आणि रॅमखाली (प्रेसच्या खालीवर होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक ठेवल्याशिवाय कोणतंही हत्यार हातात घेऊ नका.