होळी, मृग, खंडेनवमी: उन्हातल्या गाडीचं वेळापत्रक

येत्या पाडव्याला आमच्या गाडीला आठ वर्षं होतील. चार मीटरच्या आतली, पेट्रोलवरची, उंच बांध्याची. चालली आहे फक्त 64 हजार किलोमीटर. इतकी कमी चाललेली गाडी आपोआप चांगली राहील असं मी पहिली काही वर्षं धरून चाललो होतो. दहा हजार झाले की सर्व्हिसिंग, चाळीस-पन्नास हजारांना टायर, असा किलोमीटरचा हिशोब. अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढली, बंद ठेवलेल्या मशिनचंही ग्रीस सुकतं आणि ऑइल सील कडक होतं हे हातानं अनुभवलं, तरी घरच्या गाडीला तो नियम लावला नाही.

मे 2023 मध्ये चांदवडला लग्नाला निघालो होतो. पिंपळगाव बसवंत सोडलं आणि वडनेर भैरवच्या आसपास मागचं डावं टायर फुटलं. दुपारचे दोन, गाडीत आम्ही चौघं. वेग ऐंशीच्या आत होता म्हणून गाडी आवरली. स्टेपनी लावताना पाहिलं तर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांचं जाळं. घरी येऊन उजवी टायरं पाहिली, त्यांवर भेगा नगण्य. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत गाडीची डावी बाजू पश्चिमेला असते. पाच वर्षं दुपारचं ऊन त्याच दोन टायरांनी खाल्लं होतं.

त्या दिवसापासून मी किलोमीटरबरोबर तारीखही लिहितो. तुमची गाडी नाशिकमध्ये उघड्यावर उभी राहत असेल आणि दहा-बारा वर्षं टिकवायची असेल, तर एक वही करा आणि वर्षाचे तीन दिवस ठरवा. माझे आहेत होळीच्या आधीचा रविवार, मृगाच्या आधीचा रविवार आणि खंडेनवमी.

होळीच्या आधीचा दिवस सर्वांत मोठा, कारण पुढे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सुरुवात टायरपासून. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. माझ्या फुटलेल्या टायरवर 4617 होतं, म्हणजे 2017 सालचा 46 वा आठवडा. हे आकडे कधीकधी आतल्या बाजूला येतात, तेव्हा वाकून बघा. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्यानं टायर बाद, पण आपल्या उन्हात पाच वर्षं झालेलं टायर मी नक्षी असली तरी लांबच्या प्रवासाला नेत नाही. स्टेपनीचंही वय मोजा. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. दुपारी तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो, म्हणून पंपावरचा मुलगा हवा सोडू लागला तर त्याला थांबवा. कमी हवेचं टायर जास्त दुमडतं, दुमडल्यानं तापतं, आणि तापूनच फुटतं. समृद्धीवर 120 ची परवानगी आहे, तिथं तासन् तास सलग वेग राहतो. इगतपुरीला किंवा भरवीरला चढण्याआधी हवा पाहिल्याशिवाय मी जात नाही.

मग कूलंट. मेच्या उन्हात भरलेली गाडी कसाऱ्याचा घाट एसी लावून चढते तेव्हा रेडिएटरची खरी परीक्षा असते. कूलंट म्हणजे ग्लायकॉल आणि खनिजं काढलेलं पाणी. यानं उकळण्याचा बिंदू वर जातो, गंज धरत नाही, पंपाचं सीलही टिकतं. टाकीतली पातळी थंड इंजिनावर, दोन रेघांच्या मध्ये हवी. एकदा एका वॉशिंग सेंटरवर पातळी कमी दिसली म्हणून कामगारानं चांगल्या मनानं बोअरचं पाणी ओतलं. त्याच बोअरच्या पाण्यानं घरचा गीझर कसा पांढरा पडतो ते आठवा, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मी दुसऱ्या दिवशी सगळं काढून धुवून नवीन भरलं. वरचेवर पातळी उतरत असेल तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही पाहा, ते दाब धरेनासं झालं की कूलंट लवकर उकळतं.

घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढू लागला तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात. केबिन भट्टी होते, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करा. झाकणाला किमान अर्धा तास हात लावायचा नाही. मी कारखान्यात वाफेनं भाजलेला माणूस पाहिला आहे.

एसीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. 2021, 2022, 2023, तिन्ही उन्हाळ्यांत मला एकच उत्तर मिळालं: गॅस संपला, भरून घ्या. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो कुठून तरी गळतो आहे. चौथ्या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, त्यानं नायट्रोजनचा दाब देऊन कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, कोपऱ्यातलं सुईएवढं भोक दाखवलं. भोकाभोवती तेलकट डाग होता, गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही जात होतं. कंडेन्सर बदलला, तेव्हापासून गॅस भरलेला नाही. भरायची वेळ आलीच तर वजनानं भरायला सांगा. किती ग्रॅम ते बोनेटखाली लिहिलेलं असतं, अंदाजानं जास्त भरला तर गारवा उलट कमी होतो. गॅस भरण्याआधी दोन स्वस्त गोष्टी तपासा: केबिन फिल्टर, आणि रेडिएटरपुढे बसणारा कंडेन्सर. निफाड-पिंपळगावच्या रस्त्यांवरची धूळ आणि किडे त्याच्या पात्यांत अडकतात. साध्या पाइपनं, हलक्या धारेनं धुवा. जोराच्या प्रेशरनं पाती वाकतात.

उन्हात उभी गाडी सुरू करताना चारही काचा उघडून दोन मिनिटं चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा.

ब्रेक ऑइलकडे कुणी बघत नाही. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. वणीचा गड उतरताना सतत ब्रेक दाबला तर आत वाफ धरून पेडल मऊ पडू शकतं. किलोमीटर कितीही असोत, दर दोन वर्षांनी बदला. आणि उतरताना गाडी गिअरवर धरा. इंजिन ऑइल मी दर वर्षी बदलतो, सहा हजारच चालली तरी. कॉलेज रोड, मंडई, घर अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, ऑइलमध्ये ओल साठते. म्हणून आठवड्यातून एकदा गंगापूर धरणापर्यंत सकाळी जाऊन येतो. बॅटरीही भरते.

मृगाच्या आधीचं काम तासाभराचं. वायपरचं रबर उन्हानं काचेला चिकटून फाटलेलं असतं, ते पहिल्या पावसात कळण्यापेक्षा मेअखेरीस बदला. दारांच्या बीडिंगला सिलिकॉन लावा, ग्रीस किंवा रॉकेल नको, त्यानं रबर फुगतं. काचेखालच्या जाळीतला नीलमोहराचा, कडुनिंबाचा पाला काढा, नाहीतर पाणी तुंबून केबिनमध्ये उतरतं. रंगाला वॅक्सही तेव्हाच. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी ओल्या फडक्यानं भिजवून काढावी, तापलेल्या पत्र्यावर ती रंगात उतरते.

खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडीही धुतो. तेव्हा जॅकवर घेऊन खालचा चिखल, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे रबर बूट बघतो आणि टायर आलटून पालटून बसवतो.

राहिली बॅटरी. लोक म्हणतात थंडीत बॅटरी बसते. बसते थंडीत, पण तिची झीज आधीच्या उन्हाळ्यात झालेली असते. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण 14 च्या आसपास यायला हवं. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सुकवून व्हॅसलीन लावा. आमची सध्याची बॅटरी जून 2022 ची. गेल्या रविवारी सकाळी 12.3 दाखवलं, रात्रभर चार्जरवर ठेवूनही दुसऱ्या दिवशी तेवढ्यावरच आली. पावणेचार वर्षं झाली, होळीच्या आत बदलणार आहे. जुनी दुकानदाराला परत देईन, शिशाच्या वजनावर पैसे वजा होतात, आणि नवीच्या पाठीवर बसवल्याची तारीख पेंटनं लिहून ठेवेन.