मंगळावरील उठाव: दोघांसाठीचा पटखेळ घरी कसा रचावा

वाघ-बकरीच्या पटावर दोन्ही बाजूंच्या सोंगट्यांची संख्या वेगळी असते आणि चालही वेगळी असते, तरीही डाव रंगतो. मंगळावरील वसाहत पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठते, असा खेळ रचताना हाच पाया घ्यावा. दोघांना सारखे सैन्य दिले, तर ते साधे युद्ध होईल आणि त्यात उठाव उरणार नाही.

प्रथम काळाचे गणित मांडावे, कारण माझ्या मते या खेळाचा प्राण अंतरात आहे. कमी इंधनात मंगळाकडे निघण्याची संधी साधारण 26 महिन्यांनी एकदा येते आणि प्रवासाला 7 ते 9 महिने लागतात. म्हणून एक फेरी दोन महिन्यांची धरून 13 फेऱ्यांचा डाव ठेवावा. पहिल्या फेरीत पृथ्वीच्या खेळाडूने ताफ्यात किती सैनिक आणि किती रसद असेल, हे लिहून कागद पालथा ठेवावा. ताफा पाचव्या फेरीच्या आरंभी उतरेल आणि तोवर त्यात बदल करता येणार नाही. मधल्या चार फेऱ्यांत बंडखोरांना मोकळे रान मिळते, पण काय चालून येत आहे हे त्यांना ठाऊक नसते. तेराव्या फेरीअखेर नऊपैकी पाच ठाणी वसाहतीकडे असतील, तर वसाहत जिंकली. संदेशाला लागणारी 3 ते 22 मिनिटे मात्र सोडून द्यावीत, कारण दोन महिन्यांच्या फेरीत त्यांना काही वजन नाही.

पटावर नऊ ठाणी रेषांनी जोडावीत. व्हॅलेस मरिनेरिस ही सुमारे 4,000 किलोमीटर लांबीची दरी मधोमध काढून ती ओलांडण्यास दोनच वाटा ठेवाव्यात. तीन ठाण्यांवर बर्फाच्या खाणी असाव्यात, कारण पाणी, श्वासासाठी ऑक्सिजन आणि इंधन या तिन्ही गोष्टी त्याच बर्फातून मिळवता येतात. खाण उद्ध्वस्त केल्यास तिला जोडलेली सर्व ठाणी, मग ती कोणाचीही असोत, एक फेरी निकामी होतात. लढाईसाठी सैनिकांच्या संख्येत एका फाशाचे दान मिळवणे पुरेसे आहे.

उठाव कसा पेटतो, हे शिकण्यास कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिपायांच्या, वंशपरंपरागत जमिनींचा कारभार मामलेदारांकडे सोपवला गेला, तेव्हा 1844 मध्ये सामानगडावर उठाव झाला आणि तो पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. पोटावर पाय आला की एका गडाचे दुःख दुसऱ्या गडाला कळते, हेच नियमात उतरवावे: पृथ्वीने एखाद्या ठाण्यावर वसुली केली, तर तिला दोन रसद मिळते, मात्र त्या ठाण्यावर आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक ठाण्यावर असंतोषाची एक कवडी वाढते, तीन कवड्या झाल्या की ते ठाणे वसाहतीकडे जाते. माझ्या पहिल्या आराखड्यात शेजारच्या ठाण्यांवर परिणाम होत नव्हता, त्यामुळे पृथ्वीचा खेळाडू एकाच ठाण्याला पिळून सहज जिंकत असे.

पटासाठी जाड पुठ्ठा आणि जहाजांसाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिळणारे नट व वायसर चांगले, कारण ते हातात जड लागतात आणि पटावरून सरकत नाहीत. त्यानंतर बाजू बदलत किमान दहा डाव खेळावेत. एकच बाजू सात किंवा अधिक डाव जिंकली, तर एका वेळी एकच आकडा बदलावा आणि सुरुवात पृथ्वीच्या आरंभीच्या रसदेपासून करावी.