भाड्याच्या घरासाठी फरशी आणि पत्रा: माझा अनुभव

भाड्याच्या घरात फरशी सगळ्यात जास्त सोसते. चकचकीत टाइलवर कपाट सरकवल्याचे ओरखडे लगेच उठून दिसतात, म्हणून मॅट, फुल बॉडी विट्रिफाइड (पूर्ण जाडीत एकाच रंगाची, घट्ट भाजलेली) टाइल घेतली. टवका उडाला तरी आतून तोच रंग, आणि पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत.

कोपरे फुटतात ते बहुधा खालच्या पोकळीमुळे. टाइलच्या मधोमध मसाल्याचा गोळा ठेवून ती दाबली की कडा अधांतरी राहतात. नाण्याने ठोकून पाहा, पोकळ जागा वेगळी वाजते. अशा टाइल्स काढून खालचा जुना मसाला खरवडला, १० मिमी दातेरी थापीने अ‍ॅडहेसिव्ह पसरलं, टाइलच्या पाठीवरही पातळ हात दिला. सांधा २ मिमी. भिंतीलगत ८ मिमी मोकळी जागा, ती स्कर्टिंगमुळे (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीमुळे) झाकते. बाथरूममध्ये सांधे भरायला इपॉक्सी ग्राउटच (रेझिनचा भरणा). त्याच लॉटची एक पेटी राखून ठेवा, नंतर ती छटा मिळणं कठीण.

छताला ०.५ मिमी जाडीचा रंगीत पत्रा, टोकाला १५० मिमी ओव्हरलॅप. स्क्रू त्याखालचा रबरी वॉशर किंचित दबेल इतकाच आवळा. रबर पिळून बाहेर आलं तर उन्हात तडकतं आणि तिथूनच गळती सुरू होते.