इराणच्या राजकारणाची बातमी कशी वाचावी

इराणमध्ये निवडणूक झाली की कोण जिंकले यापेक्षा कोणाला उभे राहू दिले, हे आधी पाहावे. 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी 592 जणांनी नावे नोंदवली होती आणि त्यांपैकी सातच पात्र ठरले. 2024 मध्ये 80 पैकी सहा. ही छाननी करणाऱ्या 12 सदस्यांच्या गार्डियन कौन्सिलमधील सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेते, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्याही वर असलेले देशाचे प्रमुख धर्मगुरू, स्वतः नेमतात. उरलेल्या सहा कायदेपंडितांची नावे न्यायसंस्थेचे प्रमुख सुचवतात आणि मजलिस, म्हणजे संसद, त्यांतून निवड करते. मात्र त्या प्रमुखांची नेमणूकही सर्वोच्च नेतेच करतात. सर्वोच्च नेत्यांना निवडण्याचा व हटवण्याचा अधिकार असलेली 88 धर्मगुरूंची तज्ज्ञ सभा लोक निवडून देतात खरे, पण तिच्या उमेदवारांनाही याच कौन्सिलची चाळणी असते.

यानंतर बातमीतील निर्णय कोणाच्या अखत्यारीतला आहे, ते तपासावे. युद्ध, सैन्य, रिव्होल्यूशनरी गार्ड (नियमित सैन्याहून वेगळे सशस्त्र दल) आणि सरकारी दूरचित्रवाणी या बाबी राज्यघटनेने सर्वोच्च नेत्यांकडे दिल्या आहेत, त्यामुळे परराष्ट्र धोरणाबाबत राष्ट्राध्यक्षांनी दिलेले आश्वासन हा अंतिम शब्द मानू नये. तरीही मतदान निरर्थक आहे, असा निष्कर्ष घाईने काढणे मला अन्यायाचे वाटते. 2024 च्या पहिल्या फेरीत सुमारे 40 टक्केच मतदान झाले, दुसऱ्या फेरीत ते 50 टक्क्यांच्या आसपास गेले आणि सुधारणावादी उमेदवार मसूद पेझेश्कियान विजयी झाले. घरी बसलेल्यांचे म्हणणेही या आकड्यांत वाचता येते.

यंत्रणेत वाद झाला की तो कोठे मिटतो, हे समजण्यासाठी मुंबईतील अनेक इराणी कुटुंबांचे मूळ गाव असलेल्या याझ्दचे उदाहरण घ्यावे. तेथील नगर परिषदेवर निवडून आलेले झरथुष्ट्री सदस्य सेपंता निकनाम यांना 2017 मध्ये निलंबित करण्यात आले, कारण मुस्लिमबहुल ठिकाणी बिगरमुस्लिमांनी प्रतिनिधित्व करू नये, अशी भूमिका गार्डियन कौन्सिलच्या सचिवांनी घेतली होती. मजलिसने ती मानली नाही. अखेर 2018 मध्ये अशा तंट्यांसाठीच असलेल्या हितनिर्णय मंडळाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि निकनाम परिषदेत परतले. या मंडळाचे सदस्यही सर्वोच्च नेतेच नेमतात.