बॅरिअरचं गणित सोडवताना आधी आकृती काढा

जळगावला क्लासमध्ये दरवर्षी तेच होतं, क्वांटम मेकॅनिक्समधलं बॅरिअरचं गणित (एनर्जीच्या भिंतीवर आलेला इलेक्ट्रॉनसारखा कण पलीकडे जायची शक्यता किती) दिलं की पोरं थेट फॉर्म्युल्यावर उडी मारतात. थांबा ना भो, आधी पेन्सिलीने भिंत काढा, उंची व्ही, जाडी एल, आणि एनर्जी ईची आडवी रेघ भिंतीतून आरपार, एकदम सरळ ओढा. ती रेघ पलीकडे खाली उतरवली की गणित गेलंच, कारण टनेल झालेल्या, म्हणजे भिंतीतून पलीकडे निघालेल्या, कणाची एनर्जी जशीच्या तशी राहते, कमी होते ती तिकडे सापडायची शक्यता.

मग तीन भाग करा. डावीकडे कणाची (म्हणजे सायची, त्याच्या वेव्ह फंक्शनची) येणारी आणि परतणारी लाट, उजवीकडे फक्त पुढे जाणारी (तिकडून परत कोण पाठवणार?), आणि मधे, ई व्हीपेक्षा कमी असेल तर, लाट डोलत नाही, विरत जाते. आमच्या गावच्या धाब्याच्या घरात मे महिन्यात बाहेर भट्टी पेटलेली असते आणि आत भिंतीला पाठ लावली की गार, कारण दिवसरात्रीचा चढउतार मातीत शिरता शिरता मरतो, भिंत दुप्पट जाड केली तर तो निम्मा नाही, पारच गायब होतो. लाटेचंही तसंच, फक्त इथे विरणाऱ्या पदासोबत वाढणारं पदसुद्धा लिहायचं, ते गाळायचं फक्त न संपणाऱ्या पायरीत, म्हणजे भिंतीला दुसरी कडच नसेल तेव्हा. यातच निम्मे मार्क जातात.

आता दोन्ही कडांवर सायची किंमत आणि उतार जुळवा, चार समीकरणं मिळतात. आकडे घालून बघाच. इलेक्ट्रॉनची ई १ इलेक्ट्रॉनव्होल्ट, व्ही २, जाडी अर्धा नॅनोमीटर घेतली तर साधारण २.४ टक्के पलीकडे जातात, जाडी १ नॅनोमीटर केली की दहा हजारांत एखाददुसराच. बिनिग आणि रोरर या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप (सुईने पृष्ठभागावरचे अणू टिपणारं यंत्र) केला तो याच जोरावर, सुई केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी दूर सरकली तरी करंट धपकन पडतो.

ई जास्त असेल तर? चाळीसगावहून कन्नड घाट चढायला गाडीत दम असला तर ती वर जातेच, पण इलेक्ट्रॉन तेव्हाही थोडे परततात, भिंतीच्या जाडीत अर्ध्या वेव्हलेंथ पूर्ण संख्येने बसल्या तरच सगळे पार होतात. शेवटी आर (परतायची शक्यता) आणि टी (पार व्हायची शक्यता) यांची बेरीज १ येते का बघा, नसेल येत तर दुसऱ्या कडेचं उताराचं समीकरण उघडा, चिन्ह बहुतेक तिथेच चुकलेलं असतं.